कुटारात पेरलेला डोज

खोटं बोलायचं कुसुमबाईंच्या मनात नव्हतं. तोंडात होतं.

जाम गावच्या चौरस्त्यावर नागपूरची बस थांबली आणि शालू उतरली. हातात पांढरा थर्मोकोलचा डबा, डब्याला चिकटपट्टीचे वेढेच वेढे. समोर बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, शेंगांवर पाणी शिंपडत कोकिळा बसलेली. कोकिळा म्हणजे कुसुमबाईंची शेजारीण. भिंतीला भिंत, वावराला वावर. गावातली कुठलीही बातमी आधी तिच्या टोपल्यात पडायची आणि मग बाजारात जायची. सुनेला घ्यायला आलेल्या कुसुमबाई रस्ता ओलांडेपर्यंत कोकिळेनं विचारलंसुद्धा.

"कायचा डबा हाय वो शालू?"

डब्यात बर्फ होता, आणि बर्फात इंजेक्शनच्या बाटल्या. बाईच्या पोटात महिन्याला एक अंडं पिकतं. ही औषधं रोज टोचली की एकदम सात-आठ पिकतात, मग ती बाहेर काढून काचेच्या बशीत नवऱ्याच्या बीजाशी गाठ घालून द्यायची, असं नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी, म्हणजे रोशनी मॅडमनी समजावून सांगितलं होतं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. शालूला मूल हवं होतं, आणि ही गोष्ट तिला कोकिळेच्या टोपल्यात टाकायची नव्हती.

तिनं सासूकडे पाहिलं.

"मशरूमचं बी हाय," कुसुमबाई म्हणाल्या.

आपण काय बोललो हे त्यांना स्वतःलाही ऐकूनच कळलं. आदल्या दिवशी टीव्हीवर शेतीच्या कार्यक्रमात एक माणूस प्लास्टिकच्या पिशव्यांत मशरूम पिकवत होता. त्याचं एक वाक्य जिभेवर राहून गेलं होतं, तेही त्यांनी लागलीच वापरून टाकलं. "थंडं ठेवा लागते, कोकिळे. गरमी लागली का मरते."

कोकिळेनं डब्याकडे पाहिलं, डब्याच्या चिकटपट्टीकडे पाहिलं, आणि शेंगांवर पाणी शिंपडायचं विसरली.


म्हणे

म्हणे किसनरावाच्या सुनेनं नागपूरहून मशरूमचं बी आणलं. म्हणे कुटारात, म्हंजे पिकाच्या भुशात, उगवते, माती लागत नाई. म्हणे माती लागलीच तर मरते. म्हणे अंधारात वाढते, लाजते. म्हणे नागपूरचा एक हाटेलवाला स्वतः गाडी घेऊन येणार हाय. म्हणे शहरातले लोक त्याले पनीर समजून खातात. म्हणे पनीर त्याचंच करतात. म्हणे वांगे लावणारे आता मूर्ख. म्हणे किसनराव मोठा आतल्या गाठीचा, कोणाले पत्ता लागू देला नाई.

आतल्या गाठीच्या किसनरावांना हे सगळं पानठेल्यावर कळलं.


भिंत आणि खुंटी

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कुणालाच खरं वाटणार नाही.

त्या घरात सुनेच्या पोटाबद्दल सासऱ्याला काही सांगायची पद्धत नव्हती. दवाखाना तर लांबच. साध्या तापालासुद्धा मधला माणूस लागायचा. किसनराव घरात आले की शालू ओढणी डोक्यावर घ्यायची आणि दोघांचं बोलणं कुसुमबाईंमार्फत किंवा शालूच्या नवऱ्यामार्फत, म्हणजे मुकेशमार्फत, चालायचं. ते दोघंही घरात नसले तर शालू भिंतीला सांगायची, "चहा झाला म्हणा," आणि किसनराव खुंटीला सांगायचे, "घेतो म्हणा." भिंत आणि खुंटी नऊ वर्षं इमानेइतबारे निरोप पोचवत होत्या.

तर घरात चौघं. त्यातल्या तिघांना माहीत होतं की डब्यात काय आहे. चौथ्यानं फ्रीज उघडला.

"ह्या शिशा कायच्या वो?" किसनरावांनी बायकोला विचारलं. बाटलीत पांढरी भुकटी होती, बोटभर बाटली, वर रबराचं बूच.

"बीच हाय थे. परदेशी."

"भुकटीचं बी?"

"तिकडे असंच असते," कुसुमबाई म्हणाल्या आणि पालक निवडायला लागल्या. पालक निवडताना त्यांना कुणी प्रश्न विचारत नसे.

किसनरावांनी बाटली उजेडात धरून हलवली. सोयाबीन पेरायच्या आधी बियाण्याला जिवाणूंची भुकटी चोळतात, गुळाच्या पाण्यात कालवून. ते काम त्यांच्यासारखं पंचक्रोशीत कुणाला जमत नसे. भुकटीशी त्यांची जुनी ओळख होती. त्यांना सुनेचं कौतुक वाटलं. खुंटीला ते म्हणालेही, "हुशार हाय म्हणा."

शालू आतल्या खोलीत पोटाला चिमटा धरून, डोळे मिटून, स्वतःच सुई टोचत होती. मुकेश शेजारी बसून तिच्याऐवजी "आई गं" म्हणत होता. हे काम त्यानं आपण होऊन पत्करलं होतं.


बाजाराचा दिवस

कुसुमबाई वांगी घेऊन हिंगणघाटला. मुकेश त्यांच्याबरोबर. शालू वावरात सांभार, म्हणजे कोथिंबीर, उपटत.

घरी किसनराव, एकटे, उत्साहात.

संध्याकाळी शालूनं इंजेक्शनसाठी फ्रीज उघडला. डब्यात बर्फाचं पाणी होतं. आणखी काही नव्हतं.

"फ्रीजातल्या शिशा कुठी गेल्या म्हणा," शालू भिंतीला म्हणाली.

"पेरल्या म्हणा."

भिंतीला काही सुचेना.

"पेरल्या म्हंजे?"

"कुटार उकळून घेतलं. गुळाचं पाणी केलं. भुकटी कालवली, शिंपली, पिशव्या भरल्या, गोठ्याच्या कोठीत टांगल्या. उगी बसून काय करावं माणसानं. एक चिमूट वाया नाई गेली म्हणा."

"साऱ्या?"

"साऱ्याच म्हणा. बी ठेवून काय लोणचं घालाचं हाय?"

शालूनं फ्रीजचं दार लावलं. परत उघडलं. परत लावलं. तिला रडायला यायला हवं होतं, पण आलं ते भलतंच, हसू, आणि ते सासऱ्यासमोर बाहेर पडू नये म्हणून ती ओढणीचं टोक तोंडात कोंबून मागच्या दारानं पळाली.

मुकेश नुकताच येऊन हातपाय धूत होता, त्यानं ऐकलं आणि ओल्या पायानंच गाडीला किक मारली, आल्या वाटेनं परत हिंगणघाट, पहिल्या दुकानात नाही, दुसऱ्यात नाही, तिसऱ्यातला माणूस म्हणाला हे औषध इथं कोण ठेवतं, मग नागपूरच्या दवाखान्याला फोन, तिथली मुलगी म्हणाली ठीक आहे या, मग जाम, मग मोठा रस्ता, मग ट्रकमागून ट्रक, मग बुटीबोरी, आणि तिथं दवाखान्याचा माणूस नवा डबा घेऊन अर्ध्या वाटेवर आलेला, त्यानं विचारलं आधीचा स्टॉक खराब झाला का, मुकेश म्हणाला नाही पेरला, माणूस म्हणाला काय, मुकेश म्हणाला काही नाही, आणि डबा पोटाशी बांधून, वर जर्किनची चेन ओढून, तो असा परत निघाला की टोलनाक्यावरच्या बाईनं त्याच्या फुगलेल्या पोटाकडे पाहून हळू जा दादा म्हटलं.

डोस टोचला गेला. थोडा उशिरा, पण गेला.

मग मुकेशनं बापाला गोठ्यात नेऊन सगळं सांगितलं. किसनरावांनी बैलाच्या पाठीवर हात ठेवला.

"काऊन नाई सांगतलं मले?"

"कसं सांगणार, बाबा? तुमाले सांगाची पद्धत हाय का?"

"म्हंजे मी," किसनराव म्हणाले आणि थांबले. बैलानं मान हलवली. "म्हंजे मी नातू कुटारात पेरला."


दोन

रोशनी मॅडमनी सोनोग्राफीचा पडदा आपल्याकडे वळवला, मग शालूकडे वळवला. करड्या धुक्यात दोन काळी वर्तुळं होती, म्हणजे पिकू लागलेली दोन अंडी. एक बरं, एक अगदीच बारीक.

"आणखी?" शालूनं विचारलं.

"एवढीच."

आठवडाभरापेक्षा जास्त सुया झाल्या होत्या. मॅडम देत असलेला डोस हा त्यांचा सगळ्यात मोठा डोस होता. एवढ्यावर दहा फुगायला हवी होती, निदान सहा. मॅडमनी ही फेरी इथंच थांबवायची ठरवली आणि खुर्ची जवळ ओढली. "मध्ये एखादा डोस चुकला का? औषध उन्हात राहिलं वगैरे?"

शालूनं सांगितलं. भिंत, खुंटी, गूळ, कुटार.

रोशनी मॅडमनी आधी चष्मा काढला. मग "एक मिनिट" म्हणून त्या बाहेर गेल्या. बाहेरून कुणीतरी फाइलींच्या कपाटाला धरून हसावं तसा आवाज आला. परत आल्या तेव्हा नाक लाल होतं. त्यांनी पाणी पिऊन घेतलं.

"नवीन औषध त्याच संध्याकाळी टोचलं ना? मग त्यानं असं होत नाही. असा प्रतिसाद येतो तेव्हा कारण दुसरीकडे असतं." त्यांनी शालूला भिंतीशी उभं करून उंची मोजली. पाळी कधी सुरू झाली, आता किती दिवसांनी येते, आईला, मावशीला काही त्रास होता का, सगळं विचारलं. मग रक्त काढायला पाठवलं. पेशींमधली गुणसूत्रं मोजायची होती. अहवाल यायला वेळ लागणार होता.

घरी येताना बसमध्ये शालू खिडकीला डोकं टेकून बसली. कारण दुसरीकडे असतं. कुठं असतं? नऊ वर्षं तिला प्रत्येकानं काहीतरी कारण दिलं होतं आणि प्रत्येक कारणाबरोबर एक काढा. केळझरच्या गणपतीला तिनं नवस केला होता, गिरडच्या टेकडीवर पायी चढून गेली होती. आता तिला मूल तर हवंच होतं, पण त्याच्या आधी हे हवं होतं: कुणीतरी तिच्याकडे नीट पाहून म्हणावं की हे असं आहे, यामुळं आहे.


कोणामुळं

मुकेशनं रात्रीच्या भाकरीवर कबूल केलं की गेल्या वर्षी टमाट्यावर फवारणी करून आल्यावर तो अंघोळ न करता झोपला होता. दोनदा.

कुसुमबाईंनी चुलीशी कबूल केलं की त्या बस थांब्यावर खोटं बोलल्या म्हणून झालं. शिवाय संक्रांतीला शालूनं पपई खाल्ली ती त्यांनीच कापून दिली होती.

किसनरावांनी गूळ सोडला. चहा साखरेचा. पुरणपोळीला हात नाही. गुळाची ढेप फडताळात दिसली की ते मान दुसरीकडे फिरवायचे, आणि कोठीकडे तर फिरकेनात.

शालूची ह्या सगळ्यांना समजावण्यातच सकाळ संपायची. आपलं दुःख बाजूला ठेवून दुसऱ्याचं पुसायचं, तेही तिघांचं, तेही वांगी तोडता तोडता. एका सकाळी तिला इतकं हसू आलं की वाफ्यातच बसावं लागलं.


टुम्म

कोठीतल्या पिशव्यांना कुणी हात लावला नव्हता. पण कुटार ओलं, कोठी अंधारी, गूळ भरपूर.

शालू कुदळ घ्यायला आत गेली आणि तशीच बाहेर आली. मुकेशचा हात धरून त्याला ओढत घेऊन गेली.

पिशव्या फाटल्या होत्या. प्रत्येक फाटीतून टोप्या आल्या होत्या, लांब दांड्याच्या, करड्या, काही काळ्या, एकमेकींच्या खांद्यावर चढलेल्या, काही खाली माना घालून शाई गाळणाऱ्या. बियाणं कुणी टाकलंच नव्हतं. जुन्या ओल्या कुटारात जे आपोआप येतं ते आलं होतं, पण असं आलं होतं की जणू कुणी आमंत्रण छापून दिलं होतं.

मुकेशनं एक टोपी बोटानं टोचून पाहिली.

"कुटाराले डोज लागला," शालू म्हणाली. "मले नाई लागला."

मुकेशनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. हसायची परवानगी आहे की नाही ते त्याला कळेना. मग शालूच फुटली. मग तो. दोघं कोठीच्या उंबऱ्यात एकमेकांना धरून बसले, आणि बाहेर बैल घाबरून उभा राहिला.

गडबड एवढीच झाली की हा आवाज भिंतीपलीकडे गेला, आणि भिंतीपलीकडे कोकिळा होती.


कांदा

दुसऱ्या दिवशी दुपारी शालू अंगणात मिरच्या वाळत घालत होती. शेजारून फोडणीचा वास आला. कांदा. लसूण. मग त्याच्या पाठीमागून आणखी एक वास, ओल्या गोठ्याचा.

तिनं कोठी पाहिली. कडी उघडी होती. सगळ्यात भरगच्च पिशवी सफाचट.

भिंत उंच आणि शालू बुटकी. बादली उपडी घालून ती वर चढली. पलीकडे कोकिळा चुलीवर कढई हलवत होती, आणि ताटं मांडलेली होती, चांगली चार, कारण कोकिळेनं दोन जावा आणि एक मामेसासू अशा सगळ्यांना नव्या जमान्याची भाजी खायला बोलावलं होतं.

"वहिनी, खाऊ नका थे."

कोकिळा दचकली, पण झारा सोडला नाही. "वाटीभर घेतलं वो. शेजारधर्म म्हणून काई असते का नाई?"

तेवढ्यात कुसुमबाई धावत आल्या. त्यांनी भिंतीवरून डोकं काढून नेहमीच्या हुशारीनं सुरुवात केली. "कोकिळे, त्याच्यावर फवारा मारला हाय."

"अंधारात लाजणाऱ्या पिकाले कोणता फवारा मारला, काकी?"

"परदेशी."

"द्यायचं नसन तं तसं सांगा न. परदेशी बी, परदेशी फवारा. नागपूरच्या हाटेलवाल्यासाठी ठेवलं असन." कोकिळेनं मामेसासूच्या ताटात पहिला झारा वाढायला उचलला.

शालूला दिसलं की आता आणखी एक खोटं पुरणार नाही. प्रत्येक खोट्याला पुढचं खोटं लागत होतं आणि शेवटचं खोटं कुणाच्या तरी पोटात जाणार होतं. ती बादलीवर टाचा उंचावून उभी राहिली.

"थे मशरूम नोय," ती म्हणाली. "मशरूमचं बी आम्ही कधी आणलंच नाई. डब्यात माये इंजेक्शनं होते. मले पोट्टं व्हावं म्हणून, अंडे वाढाले. मामाजींनी बी समजून पेरले. आता काय उगवलं थे कोणालेच माईत नाई. इखारी बी असन."

जावांनी ताटं हळूच पुढं सरकवली.

कोकिळेनं कढई चुलीवरून उतरवली. आत डोकावली.

"तरीच," ती म्हणाली. "तरीच येवढे टुम्म."

मामेसासूला ठसका लागला. तो ठसका नव्हताच; तिचं हसणं तसंच यायचं. मग एक जाऊ. मग कुसुमबाईंनी भिंतीला कपाळ टेकलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. कोकिळेनं कढई उचलून उकिरड्यात उपडी केली, वर राख टाकली, आणि हात पुसत भिंतीजवळ आली. आता ती हसत नव्हती.

"मंग शालू, कुटाराले लागलं थे तुले काऊन नाई लागलं?"

"थेच तं मले पाह्यजे माईत कराले."

मागून खाकरल्याचा आवाज आला. किसनराव अंगणात उभे होते. कधीपासून, कुणाला ठाऊक. शालूनं ओढणी शोधली. ती खाली मिरच्यांजवळ पडली होती.

"शालू," किसनराव म्हणाले. भिंतीला नाही. खुंटीला नाही. "अहवाल कवा येणार हाय? मीबी येतो नागपूरले. मले त्या डॉक्टरीणबाईले एक विचारा लागते."


बरबटीच्या शेंगा

रोशनी मॅडमच्या खोलीत तीन खुर्च्या होत्या. किसनराव उभे राहिले.

कागदावर शालूच्या एका पेशीतली गुणसूत्रं छापलेली होती. जोडी-जोडीनं उभी केलेली, मोठ्यापासून लहानापर्यंत, बरबटीच्या शेंगा बाजारात लावाव्या तशी. शेवटच्या जागी जोडी नव्हती, एकच होतं; तिथं मॅडमनी पेन टेकवलं.

"हे एक्स. बाईच्या पेशीत असे दोन असतात. शालूच्या बऱ्याच पेशींत दोन आहेत. पण काही पेशींत एकच आहे. एकट्या-दुकट्या पेशीत असं कुणाच्याही रक्तात सापडतं, त्याचं काही नसतं. हिच्यात ते प्रमाण जास्त आहे. शरीर मिश्र आहे म्हणा."

"एक कुठी गेला?" मुकेशनं विचारलं.

"शालू आईच्या पोटात होती, मोहरीएवढीही नव्हती. एका पेशीच्या दोन, दोनच्या चार होत होत्या. त्या वाटणीत एकदा एक एक्स सुटून गेला. मग त्या पेशीच्या पुढच्या सगळ्या लेकी एकाच एक्सच्या. यात तिच्या आईची चूक नाही, तिची नाही." मॅडमनी कागद सरकवला. "पण अंडी सांभाळायला दोन्ही एक्स लागतात. नाहीतर अंडाशयातला साठा लवकर सरतो. औषध नवी अंडी तयार करत नाही, असलेल्यांना फक्त जागं करतं."

"म्हंजे जमिनीत बीच थोडं हाय," शालू म्हणाली. "वरून कितीबी युरिया टाका."

"हो."

शालूनं कागद जवळ ओढला. शेवटच्या रांगेतली ती एकटी शेंग. तिला पहिल्यांदा स्वतःचा काहीतरी फोटो पाहिल्यासारखं वाटलं, ज्यात ती ओळखू येत होती.

"मी बुटकी हाओ," ती म्हणाली. "शाळेत प्रार्थनेच्या रांगेत सदा पयल्या नंबरावर. थेबी ह्याच्यानंच?"

"असू शकतं."

"आणि आमच्या आईनं मले बारावीपर्यंत झाडाले लोंबकळाले लावलं."

कुसुमबाईंच्या तोंडून हसू निसटलं, त्यांनी ते पदरात धरलं. मुकेश छताकडे पाहू लागला. शालूच्या अंगातून काहीतरी हलकं हलकं वर सरकत होतं, सोड्याच्या बाटलीत बुडबुडे सरकतात तसं. नऊ वर्षांचे काढे, पपई, फवारा, खोटं, सगळं बाद. एक शेंग सुटली होती, बस.

किसनराव पुढं झाले. टोपी हातात. "म्हंजे बाई, माया गुळानं नाई झालं?"

"नाही हो काका."

"नक्की?"

"नक्की."

"कागदावर लिहून द्या."

रोशनी मॅडमनी एकवार त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, चिठ्ठ्यांचा गठ्ठा ओढला, आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: गुळामुळे नाही. खाली सही केली. किसनरावांनी ती घडी करून टोपीत ठेवली.

"मंग डोज वाढवा न, बाई," कुसुमबाई म्हणाल्या. "येवढा मोठा दवाखाना. आणखी मोठा डोज असन की."

"वाढवून उपयोग नाही. दोन वाटा आहेत. एक, छोटा डोस. एखादं अंडं मिळेल, त्याचा गर्भ झाला तर त्याचीही गुणसूत्रं तपासून मगच आत ठेवायचा. मी खोटी आशा देत नाही, शक्यता कमी आहे. दोन, दुसऱ्या बाईचं अंडं, गर्भाशय शालूचंच. त्यात शक्यता बरीच चांगली. पण दोन्हीच्या आधी शालूचं हृदय तपासायचं. अशा बायकांच्या हृदयाजवळची मोठी नस कधी कधी कमजोर असते आणि पोटातलं ओझं तिला झेपत नाही. ते ठीक नसेल तर मीच नाही म्हणेन."

कुसुमबाई खुर्चीत पुढं सरकल्या.

"दुसरीचं म्हंजे कोणाचं?" कुसुमबाईंनी विचारलं.

"आपल्या वांग्याचे रोपं नर्सरीतून येतात," किसनराव म्हणाले. "बजारात तू काय म्हणत राह्यतं? आमचे वांगे."

"वांग्याले शाळेत बापाचं नाव लावा लागत नाई."

"बापाचं लावाले बाप हाय न. हा बसला."

मुकेशनं बसल्या जागी पाठ ताठ केली.

"थांबा," शालू म्हणाली. ओढणी खांद्यावरच होती आणि ती सासऱ्याकडे बघून बोलत होती, मग सासूकडे, मग मॅडमकडे. "आधी हृदय पाहा. थे चांगलं निंगालं तं एकडाव मायं अंडं. छोट्या डोजानं. एकच डाव. नाई जमलं तं दुसरीचं, आणि मंग कोणी मले विचाराचं नाई का कोणाचं हाय. पण तो मोठा डोज आता कोणीच मले टोचाचा नाई. थो कुटारासाठी ठेवा."

कुसुमबाईंनी सुनेकडे पाहिलं, पालकाची पानं निवडताना पाहायच्या तसं. मग पदर खोचला.

"एकडाव तं एकडाव," त्या म्हणाल्या. "पण कोकिळेले मी सांगीन. तू सांगतं तं लय सरळ सांगतं."


एक

हृदय चांगलं निघालं. नस चांगली निघाली. दिवाळी होऊन गेली.

छोट्या डोसाच्या फेरीतली तपासणी होती. खरं तर मुकेश आणि शालू एवढ्यांनीच जायचं. पण कुसुमबाई आल्या, किसनराव आले, आणि गाडीत जागा होती म्हणून कोकिळा आली, हरभऱ्याच्या भाजीची जुडी घेऊन, डॉक्टरीणबाईला. बाहेर बाकड्यावर तिनं शेजारच्या दोन अनोळखी बायांना मशरूमची हकिगत पहिल्यापासून सांगायला घेतली होती आणि मध्येमध्ये किसनरावांकडून साक्ष काढत होती.

आत शालू टेबलावर आडवी. मुकेश तिच्या उशाशी. अंधार, पडदा, करडं धुकं. रोशनी मॅडम हात फिरवत होत्या, थांबत होत्या, पुन्हा फिरवत होत्या. उजवीकडे काही नाही. शालूनं मुकेशच्या हाताचं हाड दाबून धरलं.

डावीकडे मॅडमचा हात थांबला.

"हं," त्या म्हणाल्या.

पडद्यावर एक वर्तुळ होतं. काळं, गोल, कडा कोरीव, मधोमध बसलेलं, जणू आपल्याशिवाय इथं दुसरं कुणी असायची गरजच काय.

"एक," मॅडम म्हणाल्या. "पण चांगलं आहे. अगदी हवं तेवढं. परवा काढू. पुढचं पुढं."

शालू बघत राहिली. पुढं काढताना ते सापडेल की नाही, सापडलं तर जोडी जमेल की नाही, जमलेल्या गर्भात सगळ्या शेंगा जागेवर असतील की नाही, हे ह्या वर्तुळाला काहीच माहीत नव्हतं. ते आपलं तिथं होतं. आणि ते तिचं होतं.

दारावर टकटक झाली. बंद दारापलीकडून, सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात, किसनराव.

"शालू, किती हाय?"

मुकेशनं डोळे मिटून घेतले. बाहेर कुसुमबाई "अवो, हळू, लोकं हायत" म्हणत होत्या.

"एक, मामाजी," शालू टेबलावरूनच ओरडून म्हणाली.

बाहेर किसनरावांचा आवाज, दुसऱ्या कुणाला तरी सांगत असलेला: "एक हाय." मग कोकिळा, अनोळखी बायांना: "एक हाय वो." मग एक अनोळखी बाई, तिच्याही पलीकडच्या कुणाला: "त्यांना एक आहे म्हणे." शब्द रांगेनं दवाखान्यातून पुढं पुढं गेला, पार औषधाच्या खिडकीपर्यंत, आणि तिथून कुणीतरी विचारलं, "काय एक?"

शालूच्या पोटातून हसू वर यायला लागलं. तिनं ओठ दाबले, श्वास धरला, मुकेशकडे पाहायचं टाळलं. मुकेशनं मोकळ्या हातानं तोंड दाबलं होतं.

"हसू नका," रोशनी मॅडम म्हणाल्या. "मला नीट मोजू द्या."

पण पडद्यावर ते काळं वर्तुळ आधीच हलायला लागलं होतं.